शांत वॉर्डातली रात्रपाळी: सुखाच्या दिवसांत विश्वासात जागं कसं राहायचं

मी चौतीस वर्षं नर्सिंग केलं, त्यातली निम्मी तरी रात्रपाळीत गेली. नव्या मुली ड्यूटीवर आल्या की पहिल्याच रात्री मी त्यांना सांगायचे, वॉर्डात धावपळ असते तेव्हा कुणालाच झोप येत नाही. अपघाताची केस आली, कुणाला धाप लागली, नातेवाईक दारात रडतायत, अशा वेळी डोळे आपोआप उघडे राहतात. जपायचं ते पहाटे तीन ते पाच. पेशंट गाढ झोपलेले असतात, पंख्याची घरघर चालू असते, मावशी बाकावर आडवी झालेली असते, आणि आपल्याला वाटतं, चला, आजची रात्र चांगली गेली. मोठ्या चुका त्या वेळात होतात.

विश्वासाचंही तसंच आहे, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं. संकटात प्रार्थना कशी करावी हे आपल्या मंडळीत कुणाला शिकवावं लागत नाही. ऑपरेशनच्या आदल्या रात्री आपण गुडघे टेकतोच. पण पेन्शन वेळेवर येतेय, मुलं मार्गी लागली, रविवारी चर्चमध्ये आपली ठरलेली जागा आहे, कुणाशी भांडण नाही, अशा दिवसांत काय करायचं? त्याबद्दल फार कमी बोललं जातं. मला जे उपयोगी पडलं ते इथे लिहिते.

आधी नाडीला हात लावा

1988 सालची गोष्ट. सर्जिकल वॉर्डात माझी रात्रपाळी होती. पोटाचं ऑपरेशन झालेल्या एका बाईंचं दर दोन तासांनी टीपीआर (ताप, नाडी, श्वास) आणि बीपी घ्यायचं होतं. दोन वाजता घेतलं, सगळं ठीक. चार वाजता गेले तर त्या इतक्या शांत झोपल्या होत्या की उठवावंसं वाटेना. मी चार्टवर दोनचेच आकडे एका खाली एक उतरवले आणि टेबलाशी येऊन बसले. पाऊण तासाने मावशी भांडी गोळा करायला गेली आणि धावत आली. "सिस्टर, बाईचं अंग गार लागतंय, घाम सुटलाय." आत रक्तस्राव होत होता. अशा रक्तस्रावात बीपी बराच वेळ टिकून राहतो, आधी वाढते ती नाडी. चार वाजता मी मनगटावर बोटं ठेवली असती तर ते तेव्हाच कळलं असतं. डॉक्टर वेळेवर पोचले, बाई वाचल्या. चूक सर्वस्वी माझी होती, आणि ती मी इनचार्ज सिस्टरना त्याच सकाळी सांगितली.

निवृत्तीनंतर दोनेक वर्षांनी एका घरगुती प्रार्थनासभेत पास्टरांनी नेहमीप्रमाणे विचारलं, कुणाची काही विनंती? माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "काही नाही, सगळं छान चाललंय, फक्त स्तुती." घरी येताना रिक्षात लक्षात आलं की मागच्या तिन्ही सभांत मी अगदी हेच बोलले होते. रोज रात्रीची माझी प्रार्थनाही तीच होती, शब्दाला शब्द. मुलाला सांभाळ, नातवंडांना आशीर्वाद दे, आजच्या दिवसाबद्दल आभार, आमेन. मी पुन्हा दोन वाजताचेच आकडे चार वाजता लिहीत होते.

म्हणून पहिलं काम एक वही घ्या. साधी, शंभर पानी पुरते. रोज झोपण्याआधी तीत चार ओळी लिहायच्या, आणि जे आज खरंच हाताला लागलं तेच लिहायचं. माझे चार प्रश्न ठरलेले आहेत. माझ्या पैशांनी किंवा ओळखीने होण्यासारखं नव्हतं असं काय मी आज देवाकडे मागितलं? वचनातलं कुठलं वाक्य आज मला टोचलं? कुणाचं नाव निघाल्यावर मी विषय बदलला? आणि ज्याची मला थोडी तरी झळ बसली असं काही आज माझ्या हातून कुणाला मिळालं का? उत्तर "काही नाही" असेल तर "काही नाही" असंच लिहा. सलग आठ दिवस पहिल्या प्रश्नापुढे "काही नाही" दिसलं, तर नाडी वाढलेली आहे असं समजा, बाहेरून कितीही शांत वाटत असलं तरी.

लावदिकीया या जुन्या शहरातल्या मंडळीचं, म्हणजे तिथल्या चर्चचं, हेच झालं होतं. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायात, प्रभू तिला सांगतो की तू म्हणतेस, मी श्रीमंत आहे, मला कशाची उणीव नाही; आणि आपण कष्टी, दीन, दरिद्री, आंधळे व उघडे आहोत हे तुला ठाऊक नाही. ते शहर खरोखरच श्रीमंत होतं. इ.स. 60 च्या सुमारास तिथे भूकंप झाला तेव्हा रोमची मदत न घेता लोकांनी स्वतःच्या पैशाने शहर पुन्हा उभं केलं, असं रोमन इतिहासकार टॅसिटसने नोंदवलंय. कुणाकडे काही मागायची त्यांची सवयच सुटली असावी, असं मला ते वाचताना वाटतं.

जिथे पहारा नाही ती बाजू शोधा

प्रकटीकरणाचे दुसरा आणि तिसरा अध्याय महिनाभर वाचा. त्यांत प्रभूने सात मंडळ्यांना लिहवलेली सात पत्रं आहेत. रोज एकच पत्र, सात दिवसांत सात, आणि आठव्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. मी हे केलं तेव्हा दुसऱ्या आठवड्यात एक गोष्ट दिसली. सातांपैकी फक्त दोन मंडळ्यांना प्रभू एकही दोष लावत नाही. एक स्मुर्णा, जी गरीब आणि छळलेली आहे. दुसरी फिलदेल्फिया, जिची शक्ती थोडी आहे. आणि सार्दीस, जिचं नाव जिवंत म्हणून गाजलेलं, तिला तो म्हणतो की तू मेलेली आहेस, जागृत हो.

"जागृत हो" हे सार्दीसच्या लोकांना फार झोंबलं असणार. त्यांचा किल्ला उंच कड्यावर होता आणि अजिंक्य म्हणून त्याची ख्याती होती. इ.स.पू. 546 च्या सुमारास इराणच्या कोरेश राजाने वेढा घातला. हिरोडोटसने सांगितलेली हकिगत अशी: किल्ल्यातल्या एका शिपायाचं शिरस्त्राण कड्यावरून खाली पडलं. तो ते घ्यायला उतरला आणि परत चढून गेला. खालून एकाने ती वाट हेरली, आणि त्याच कड्यावरून इराणी सैनिक वर गेले. त्या बाजूला पहारा नव्हता, कारण तिथून कुणी येईल असं कुणाला वाटलंच नव्हतं. पुढे तीनशेहून अधिक वर्षांनी अंतियुखस तिसरा याच्या सैन्यानेही हा किल्ला अशाच बिनपहाऱ्याच्या बाजूने घेतला. एकच किल्ला, एकच चूक, दोनदा.

आपण आपल्या दुबळ्या बाजूंवर पहारा ठेवतो. ज्याला दारूचं व्यसन होतं तो बाटलीच्या दुकानावरून जायचं टाळतो. पण "हे माझ्याकडून होणारच नाही" असं ज्याबद्दल वाटतं, त्या बाजूला कुणी उभं नसतं. माझी ती बाजू कुठली होती ते सांगते. आजाऱ्याची कणव. जन्मभर तेच केलं, तेव्हा तिथे काय पाहायचं?

आमच्याकडे धुणंभांड्याला एक ताई येतात. त्यांच्या मुलीला डेंग्यू झाला म्हणून पाच दिवस आल्या नाहीत. महिनाअखेरीस मी दोन सुट्ट्या सोडून तीन दिवसांचा खाडा कापला. हिशेब अगदी चोख होता. त्या काही बोलल्या नाहीत, पैसे मोजून कमरेला खोचले आणि गेल्या. संध्याकाळी मी महिला मंडळात प्रार्थना चालवली, विषय होता रुग्णसेवा. डेंग्यूचा पेशंट मी शेकड्याने पाहिलाय. प्लेटलेट उतरायला लागल्या की आई खाटेपासून हलत नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? तरीही ते मला दिसलं नाही. ताप आला का, रक्त तपासलं का, हेसुद्धा मी विचारलं नव्हतं.

तर कागदावर लिहून काढा की मंडळीत तुमचं नाव कशाबद्दल घेतलं जातं. दानधर्म, गाणं, पाहुणचार, शास्त्राचं ज्ञान, जे असेल ते. मग त्यातल्या प्रत्येकापुढे लिहा की गेल्या महिन्यात घराच्या आत, कुणी बघत नसताना, हे माझ्याकडून झालं का. घरातल्या माणसाला विचारलंत तर जास्त खरं उत्तर मिळेल.

हलवून उठवायची परवानगी कुणाला तरी द्या

खाड्याचं माझं मला कळलं नाही. मैत्रिणीने सांगितलं. ती माझ्याबरोबर ट्रेनिंगला होती, आता आमच्याच मंडळीत आहे. रात्रपाळीला आम्ही दोघी असलो की ड्यूटी सुरू होतानाच ठरवून घ्यायचो, मला डुलकी लागली तर हलव, मी चिडले तरी हलव. ही परवानगी आधीच द्यावी लागते, कारण झोपेत असलेलं माणूस "मी जागीच आहे" असंच म्हणतं. मीही त्या दिवशी फोनवर तेच म्हणाले. कामाच्या बाईचा विषय वेगळा, तुला कळत नाही, वगैरे. ती शांतपणे म्हणाली, "तू तिचा खाडा कापलास, की तिच्या मुलीच्या तापाचा?"

दुसऱ्या दिवशी पैसे दिले आणि माफी मागितली. माफी मागणं जड गेलं, हे मी कबूल करते.

असं माणूस निवडताना तीन गोष्टी बघा. त्याला तुमच्याकडून काही मिळवायचं नसावं, ते तुम्हाला थोडं घाबरतही नसावं, आणि पोटात ठेवणारं असावं. पास्टरच हवेत असं नाही. आठवड्याचा वार आणि वेळ पक्की करा. आमचा गुरुवार, रात्री आठ. वीस मिनिटं. ती मला वहीतले चार प्रश्न विचारते, मी तिला तिचे विचारते. नातवंडांच्या गप्पा नंतर.

भरल्या घरात मूठ काढा

माझ्या पणजी-पणजोबांनी 1899-1900 चा दुष्काळ पाहिला होता. राहुरी तालुक्यातलं कोरडवाहू गाव, मिशनच्या कामावर दगड फोडून मिळेल त्यावर दिवस काढलेले. त्या पणजीची सवय माझ्या आजीने उचलली. भाकरीला बाजरीचं पीठ घेतलं की परातीतून एक मूठ परत काढायची आणि कोपऱ्यातल्या मडक्यात टाकायची. दोन्ही वेळेला. ते पीठ रविवारी देवाच्या घरी जायचं, तिथून गावातल्या एखाद्या विधवेकडे. मूठ काढताना आजी पुटपुटायची, "तुझंच तुला, बाप्पा."

भंडारदऱ्याचं धरण 1926 साली पूर्ण झालं. प्रवरेच्या कालव्यांना पाणी आलं आणि हळूहळू आमच्या भागाचं रूप बदललं. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. पुढे त्यांनी थोडी जमीन घेतली, वडिलांच्या काळात तिच्यात ऊस उभा राहिला. मग घरात ठरलं की रोजची मूठ कशाला, हंगामाला एकदा पाकीट देऊ. पाकिटातले पैसे मुठीपेक्षा कितीतरी जास्त होते, मंडळीला त्याचा उपयोगही झाला. पण मूठ दिवसातून दोनदा पिठात जायची, पाकीट वर्षातून दोनदा कपाटातून निघायचं. मधल्या दिवसांत देवाची आठवण करून देणारं आमच्या स्वयंपाकघरात काही उरलं नाही. बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात मोशे वाळवंटातून आलेल्या लोकांना हेच बजावतो: खाऊन तृप्त व्हाल, चांगली घरं बांधून राहाल, गुरंढोरं आणि सोनंरूपं वाढेल, तेव्हा सांभाळा, नाहीतर मन उन्मत्त होईल आणि देवाला विसराल. उपासमारीच्या चाळीस वर्षांची त्याला काळजी नव्हती, पुढच्या भरल्या ताटाची होती.

माझा दशांश, म्हणजे उत्पन्नाचा देवाला द्यायचा दहावा भाग, बँकेतून परस्पर जातो, आणि तो जावाच. पण त्याला माझा हात लागत नाही. म्हणून ओट्यावर मी आता एक स्टीलचा डबा ठेवलाय. भात लावताना एक मूठ तांदूळ त्यात. महिनाभरात जे साठतं, त्यात मी डाळ आणि तेलाची पिशवी घालते आणि स्वतः नेऊन देते. कुणाकडे ते सांगत नाही. ज्यांच्याकडे स्वयंपाकघर दुसऱ्याच्या हातात आहे त्यांनी दुसरं काही शोधावं: रोजच्या चहाचे सुटे पैसे, गाडीऐवजी पायी गेल्यावर वाचलेलं भाडं. जे कराल ते रोज घडणारं आणि हाताने करायचं असू द्या.

उपवासाचं थोडक्यात सांगते. लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाचे, चाळीस दिवस आपण पाळतोच. त्याशिवाय महिन्यातला एक दिवस दुपारचं जेवण सोडा आणि तो अर्धा तास प्रार्थनेला द्या. मधुमेह असेल, गोळ्या चालू असतील तर जेवण सोडू नका, ही सिस्टर म्हणून सूचना आहे. टीव्ही सोडा.

काही बिघडलेलं नसताना मागा

पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली केडगावला आणल्या, 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आणल्या. 1905 उजाडलं तेव्हा तो कहर मागे पडला होता. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनात मुलींच्या डोक्यावर छप्पर होतं, विहिरी होत्या, शाळा होती. आता जरा विसावा घेऊ असं कुणीही म्हणालं असतं. रमाबाईंनी त्या वर्षाच्या सुरुवातीला बायकामुलींना रोज प्रार्थनेसाठी जमवायला सुरुवात केली, पवित्र आत्म्यासाठी. जूनमध्ये तिथे संजीवन आलं, म्हणजे विश्वासाची मोठी जागृती झाली. मला त्यातली जूनपेक्षा जानेवारी जास्त मोलाची वाटते. काही अडलेलं नसताना रोज उठून जमणं सोपं नाही.

आपलं काही अडलेलं नसेल तर ज्यांचं अडलंय त्यांच्यासाठी मागायचं. 2023 च्या मे महिन्यापासून मणिपूरमध्ये किती घरं आणि चर्च जळाली, किती कुटुंबं छावण्यांत गेली, हे आपण बातम्यांत पाहिलं आणि पुढे गेलो. इब्री लोकांस पत्र सांगतं की बंदिवानांची आठवण करा, जणू तुम्हीही त्यांच्याबरोबर बंधनात आहात. एक ठिकाण निवडा, त्याचा नकाशा पाहा, आणि तीन महिने रोज त्याच ठिकाणासाठी प्रार्थना करा. "सगळ्या जगाला आशीर्वाद दे" ही प्रार्थना झोपेत म्हणता येते. आणि महिन्यातून एकदा सरकारी दवाखान्यात जाऊन या. ओळखीचं कुणी नसलं तरी चालतं. पाण्याची बाटली भरून द्यायला, रांगेत उभं राहायला कुणीतरी हवंच असतं.

वेळेचं एक. माझी वेळ पहाटे साडेपाचची आहे. मोबाइल रात्री स्वयंपाकघरात मिक्सरशेजारी चार्जिंगला राहतो आणि पवित्र शास्त्र उशाशी. आधी उलट होतं. संध्याकाळी सात ते नऊ ही माझी सर्वांत सैल वेळ. दावीद राजाही लढाई दुसऱ्यांवर सोपवून घरी राहिला होता आणि संध्याकाळी पलंगावरून उठून गच्चीवर फिरत होता, तिथून त्याला दुसऱ्याची बायको बथशेबा दिसली आणि पुढचं सगळं पाप घडलं. तुमची सैल वेळ कुठली ते ओळखा आणि त्या वेळेत हाताला काम ठेवा. मी त्या वेळात मंडळीतल्या एका मुलीला बारावीचं बायॉलॉजी शिकवते.

घाबरून जागं राहू नका

नवी घाबरट नर्स एकाच पेशंटची नाडी दर दहा मिनिटांनी बघते आणि बाकीचा वॉर्ड तिच्या नजरेतून सुटतो. काही विश्वासणारे असेच होतात. प्रत्येक सुखात सापळा, प्रत्येक हसण्यात पाप. मग घरातली माणसं त्यांना टाळायला लागतात. शांतता ही देवाचीच देणगी आहे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात लिहिलंय की मंडळीला स्वस्थता मिळाली, आणि ती प्रभूच्या भयात चालत वाढत गेली. म्हणजे स्वस्थतेतही वाढ होते.

आणि रात्री दिवे घेऊन वराची वाट पाहणाऱ्या दहा कुमारींचा येशूचा दाखला नीट वाचा. डुलकी दहाही जणींना लागली होती, शहाण्यांनासुद्धा. त्यांना कुणी झोपेबद्दल बोललं नाही. शहाण्यांकडे दिव्यांसाठी जादा तेल होतं, एवढंच. थकून एखाद्या रात्री वही राहिली, पहाटे जाग आली नाही, तर स्वतःला कोसत बसू नका. इस्राएलाचा रक्षक डुलकी घेत नाही, झोपही घेत नाही, असं स्तोत्र 121 म्हणतं. त्याची ड्यूटी चालूच असते.

सगळं एकदम सुरू करू नका. पहिल्या आठवड्यात फक्त वही. दुसऱ्या आठवड्यात ज्याला परवानगी द्यायची त्या माणसाला फोन. मूठ आणि उपवास पुढच्या महिन्यात. माझ्या वहीत तिसऱ्या प्रश्नापुढे गेले अकरा दिवस एकाच माणसाचं नाव आहे, माझ्या धाकट्या भावाचं. जमिनीच्या वाटणीवरून आमचं बोलणं बंद आहे. आज गुरुवार आहे, आठला फोन येईल. त्याआधी मला त्याचा नंबर लावायचा आहे.